तांबडी गाडी स्टेजवर येणार नाही

प्रिय आनंदा,

सप्रेम जयभीम.

गेले तीन दिवस तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी ‘अक्का, मीटिंगमधी हाय’ एवढं म्हणून ठेवतोस. म्हणून कागद घेतला. गॅरेजच्या रिपोर्टाचं पॅड आहे, वर ‘लुंबिनी मोटर्स, औसा रोड, लातूर’ छापलंय. बहिणीनं भावाला असल्या कागदावर लिहू नये हे मला कळतं, पण आज रविवार, दुकानं बंद, आणि उद्याच्या तुझ्या सत्कार समारंभाआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. पूर्ण वाच. मध्येच ठेवून मला समजवायला येऊ नकोस. बारा वर्षं पोरांना शिकवून तुझा आवाज असा झालाय की समोरच्यानं गपचूप वहीच काढावी. कागदावर तरी मला बोलू दे.

आधी गाडीचं सांगते. सोमवारी तू पाठवलेली तांबडी गाडी मी तीन दिवस तपासली. उद्या ती तू मनतशाला देणार आहेस, नायगावच्या मुज्तबा टेलरच्या पोरीला, मेडिकलच्या परीक्षेत यंदा तुझ्या क्लासमधून पहिली आली म्हणून. बार्शी रोडच्या फ्लेक्सवर त्या पोरीचा फोटो लहान आहे, गाडीचा मोठा, आणि गाडीच्या खाली ‘२०० हॉर्सपॉवर’. ते दोनशे कंपनीच्या माहितीपत्रकातले, गाडी कोरी होती तेव्हाचे, इंजिनाच्या तोंडाशी मोजलेले. तिथून चाकापर्यंत जाताना थोडी ताकद वाटेत सांडतेच, चांगल्या गाडीतसुद्धा सांडते. हिच्यात किती पोचते ते मला बघायचं होतं. मंगळवारी सकाळी सहाला नांदेड रोडला काढली. चाकूरच्या पुढं सरळ रस्ता लागतो तिथं तिसऱ्या गिअरमध्ये साठावरून शंभरावर न्यायची आणि माझ्या हाताखाली शिकणाऱ्या बुशरानं शेजारी बसून घड्याळ लावायचं, एवढीच आमची परीक्षा. या वजनाच्या दोनशेच्या गाडीला चार सेकंद पुरतात. हिला साडेसात लागले. गणित मांडलं तर चाकांपाशी नव्वदच्या आसपास. आणि ती सकाळची गार गाडी होती. चाळीस किलोमीटर पळवून, तापवून पुन्हा घेतली तेव्हा अकरा लागले, टर्बो शीळ घालायला लागला आणि समोर पिवळा दिवा पेटला. परत येताना मी साठाच्या वर नेली नाही.

तू म्हणशील, अक्काला जुन्या भारी गाड्यांचं वावडं आहे. नाही रे. उदगीरच्या डॉक्टर शांतम्मांची गाडी आठव, बारा वर्षांची, एक लाख साठ हजार पळालेली. तीही टर्बोचीच. आजही तिच्यात बसलं की पाठ सीटला चिकटते. कारण बाईंनी दर सात हजाराला ऑइल बदललं, लांबून आल्यावर लगेच किल्ली न फिरवता मिनिटभर इंजिन चालू ठेवलं, टायमिंगचा पट्टा मुदतीआधी टाकला. भारी गाडी जुनी झाली म्हणून बाद होत नाही. कुणीतरी तिच्याशी खोटं वागलेलं असतं, म्हणून बाद होते. तुझ्या गाडीशी तर सगळेच खोटं वागलेत. मीटरवर बेचाळीस हजार, आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून आतलं लोखंड दिसतंय, म्हणजे आकडा मागं फिरवलाय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर आतून वाळलेला गाळ पडला. कुठल्यातरी पुरात ही गळ्यापर्यंत बुडालेली आहे. एअरबॅगच्या जागी चिंध्या कोंबल्यात आणि दिवा पेटू नये म्हणून मागं तार जोडलीय. हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण खालचा रंग खरवडला तेव्हा पुढच्या सीटखालून आडवी वेल्डिंगची रेघ निघाली, या दारापासून त्या दारापर्यंत. आनंदा, ही एक गाडी नाहीच. दोन मेलेल्या गाड्यांचे दोन अर्धे आहेत. एखादा मोठा खड्डा लागला तर कुठं दुमडेल ते मला बोट ठेवून दाखवता येतं.

हे सगळं मी तुला गुरुवारी फोनवर सांगितलं. कुठली रेघ, कसल्या चिंध्या, तू काहीच विचारलं नाहीस, त्यावरूनच मला कळलं की यातलं बरंचसं तुला आधीच माहीत होतं. मग तू म्हणालास, ‘अक्का, ती पोरगी कुठं चालवणार हाय? तिच्या घरी सायकलचं हॅन्डल धरता येत न्हाई कुणाला. महिन्याभरात विकून टाकतील. स्टेजवर चावी द्यायची, फोटो काढायचा, झालं. तू फकस्त गाडी चांगली हाय म्हणून कागद दे.’ आणि वर असंही म्हणालास की लातूरला माझा कागद सोन्यासारखा चालतो, तो घरच्या माणसाच्या कामी आला नाही तर काय उपयोग. मी म्हटलं, देणार नाही. तू हसलास. तू लहानपणी पाढे येत नसले की असाच हसायचास.

माझा कागद का चालतो ते तुला कधी विचारावंसं वाटलं नाही, म्हणून सांगते. भूकंपानंतर आपण नांदेडला मामाकडे गेलो तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी पंधराची. पुढच्या वर्षी मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला नाव घातलं. एकोणीस पोरं आणि मी. मामानं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. शिकून झाल्यावर देगलूर नाक्यावरच्या सात गॅरेजवाल्यांनी मला उभंही केलं नाही. आठव्यानं, गफूर चाचांनी, वर मान न करता विचारलं, ‘हात काले हुए तो रोती क्या?’ मी म्हटलं, नाही. ‘फिर आ.’ त्यांच्याकडे बारा वर्षं काढली. जुनी गाडी घ्यायला निघालेली माणसं चाचांना बरोबर न्यायची. चाचा कागद बघायचेच नाहीत. म्हणायचे, ‘ठंडी गाडी सबकीच अच्छी रहती. पहले गरम कर, चार आदमी बिठा, चढाव पे ले जा. फिर बोल.’ एकदा एका मोठ्या व्यापाऱ्यानं त्यांना गाडी ‘पास’ करायला सांगितली. त्यांनी नाही म्हटलं. त्या माणसानं सहा महिने त्यांचं गिऱ्हाईक तोडलं. चाचांनी सहा महिने नुसती पंक्चरं काढली, मीही काढली. तुझी दहावी त्याच साली होती. पंक्चरच्या टबाशेजारच्या स्टुलावर बसून तू अभ्यास करायचास. वास येतो म्हणून कधी कुरकुर केली नाहीस, हे मी अजून लोकांना सांगते.

लातूरला क्लासेसचं पीक आलं, गावोगावची पोरं खोल्या घेऊन राहायला लागली, सरांकडे आणि डॉक्टरांकडे हैदराबादच्या, मुंबईच्या जुन्या भारी गाड्या यायला लागल्या, तेव्हा चाचाच म्हणाले, तिकडं जा, तिथं असल्या गाड्या फसवतायत लोकांना. मी आले. तू आधी आलाच होतास. तुझा क्लास दोन खोल्यांचा होता तेव्हा तुझ्या फळ्याला काळा रंग मी दिला. तुझा तीन मजल्यांचा क्लास झाला तेव्हा सगळ्यात पुढं मी बसले होते. तुझ्या यशाचा मला जळफळाट आहे असं वहिनी म्हणते ते माझ्या कानावर आलंय. म्हणू दे तिला.

आता शुक्रवारचं ऐक. सकाळी दहाच्या सुमारास एक उंच, वाकलेला माणूस गॅरेजमध्ये आला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला कागद. म्हणाला, ‘ताई, मी मुज्तबा. नायगावहून आलो. तुमचे आभार मानायचे होते.’ त्यानं कागद काढला. आदल्या संध्याकाळी तुझ्या क्लासमधून त्याला मिळालेला, माझ्याच पॅडवरचा रिपोर्ट. इंजिन उत्तम, ब्रेक उत्तम, एअरबॅग सहा. खाली माझी सही, शिक्का. मी न दिलेला कागद, आनंदा. कुठल्यातरी जुन्या रिपोर्टावरून सही उचलून तू छापलास. मी त्याला बसवलं, चहा मागवला. तो सांगायला लागला, गावातला एक ओळखीचा ड्रायव्हर ठरवलाय, ॲडमिशनला सगळे या गाडीनंच मुंबईला जाणार, तो, बायको, मनतशा, तिची धाकटी दोघं आणि आई. ‘आईनं समुद्र बघितला न्हाई. पोरगी म्हणली, दादीला घेऊनच जायचं.’ मग त्यानं हळूच विचारलं, ‘ताई, एवढी ताकदीची गाडी, आमच्या ड्रायव्हरला झेपंल ना?’

मी त्याला खरं सांगितलं नाही. हे कबूल करते, कारण तुला बोलायचं तर माझंही झाकून ठेवता येत नाही. त्याला एवढंच म्हटलं, ‘भाऊ, दोन दिवसांत सांगते.’ तो कागद परत नीट पिशवीत घालून गेला. मी दिवसभर एका गाडीचं चाक काढून तेच परत बसवत राहिले. बुशरा म्हणाली, ‘अक्का, आज तुम्ही घरी जावा.’

आणि संध्याकाळी मी तुझ्या क्लासला आले होते, तुला माहीत नाही. तू वरच्या हॉलमध्ये नव्या पोरांपुढं बोलत होतास. मी दाराशी उभी राहिले. तू भूकंपाचं सांगत होतास. आमच्या वडिलांनी मोडक्या गावातून जीप काढली, शंभरच्या वेगानं लातूरकडं नेली, आईला वाचवायला जीव तोडला, पण नियतीपुढं इलाज नव्हता. पोरांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तशीच खाली उतरले. शंभरच्या वेगानं. तू नऊ वर्षांचा होतास, मायच्या पायाशी बसला होतास, भीतीनं डोळे मिटून. तुला दोष देत नाही. पण मी पुढं आबांच्या शेजारी होते आणि माझे डोळे उघडे होते.

ती जीप सरकारी ऑफिसची, आबा तिचे ड्रायव्हर. साहेब गणपतीला गावी गेले होते म्हणून आबांनी घरापुढं लावली होती. गाव पडलं, उजाडेपर्यंत आबांनी आणि शेजाऱ्यांनी मायला मातीखालून काढलं. कमरेखालचं सगळं चिरडलेलं, पण ती शुद्धीवर होती. तुझ्या पायात चपला आहेत का, हे तिनं दोनदा विचारलं. जीपमध्ये नऊ जखमी घातले. आणि जीप चालेना. इंजिन बोंबलायचं आणि चाक हलायचं नाही. क्लच घसरत होता. सपाटीवर कशीबशी बैलगाडीच्या चालीनं जायची, जरा चढ आला की उभी. लोक उतरून ढकलायचे. ज्यांचं स्वतःचं घर गेलं होतं असली माणसं वाटेत येऊन ढकलत होती. पावसाची भुरभुर सुरू होती. जळक्या क्लचचा वास सगळ्या जीपभर. आपल्यामागून निघालेला एक ट्रॅक्टर आपल्याला ओलांडून गेला. औशाच्या अलीकडं, लातूर वीस-पंचवीस किलोमीटरवर असताना, माय गेली. आबांना मी लगेच सांगितलं नाही. बाकीचे आठ जण होते ना मागं. नियती नव्हती रे ती. क्लच प्लेट होती.

सरकारी गाडी विनापरवाना वापरली, नुकसान केलं म्हणून आबांची चौकशी लागली, हे तुला ठाऊक आहे. वर्षभर घरी बसले, मग ऑफिसात शिपाई म्हणून घेतलं. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. तू समजतोस अपमानानं. तसं नाही. चौकशीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर डबा घेऊन गेले होते. टेबलावर जीपची फाइल उघडी होती. त्या महिन्याचा दाखला वरच होता, ‘वाहन सुस्थितीत आहे, कोणतीही दुरुस्ती नाही’. खाली चालकाची सही. आबांची. दोन महिने ते लॉगबुकात ‘क्लच घसरतो’ लिहीत होते. तिसऱ्या महिन्यात साहेब म्हणाले, वर्षाचा तपास येतोय, या महिन्यात कर सही, पुढच्या महिन्यात बघू. आणि आबांनी केली. मी सोळा वर्षांची होते. बाहेर येऊन विचारलं, तर म्हणाले, ‘हाव. मीच केली. सायब म्हणले कर, केली. एका सहीनं काय हुतंय, वाटलं.’ पंचवीस वर्षांत त्या विषयावर त्यांचं माझं एवढंच बोलणं झालं. तुला सांगायचं नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही, पण मी सांगितलं नाही. तुझा बाप तुझ्या भाषणात शंभरच्या वेगानं जीप चालवतो, ते मला मोडवत नव्हतं.

काल, शनिवारी, मी आणि बुशरानं गाडी खोलली. इंजिन खाली उतरवलंय, टर्बो टेबलावर उघडा पडलाय, सीटा भिंतीला उभ्या आहेत, आणि वेल्डिंगच्या रेघेवर खडूनं वर्तुळं करून फोटो काढलेत. कुणी रात्रंदिवस बसलं तरी ती उद्या अकरापर्यंत जोडली जाणार नाही. टो करून न्यायला माणूस पाठवलास तर शटर उघडणार नाही. गाडी तुझ्या क्लासच्या नावावर आहे, तेव्हा माझ्यावर पोलिसात जायचं तर खुशाल जा. पंचनाम्यात सगळं लिहून घेतील, मला तेच हवंय. आणि माझ्या सहीचा तो खोटा कागद कुठं कुठं गेलाय त्याची यादी मला दे, नाहीतर मी ‘तो माझा नाही’ असं गॅरेजवर फ्लेक्स लावीन, तुझ्याइतकाच मोठा. क्लास बुडेल म्हणालास तर बुडू दे. तू हुशार शिक्षक आहेस, दोन खोल्यांतही पोरं तुझ्याकडं यायची.

आज सकाळी आबा गॅरेजमध्ये आले. उघडी गाडी बघितली, कुणाची म्हणून विचारलं. मी सांगितलं, तुझी आणि त्या पोरीची. फ्लेक्सचं, कागदाचं, सगळं. ते वेल्डिंगच्या रेघेपाशी उकिडवे बसले, तिच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘आनंदाला जीपचं सांग. आता सांग. माझ्या नावानं सांग.’ म्हणून हे पत्र. नुसत्या गाडीसाठी असतं तर दोन ओळी पुरल्या असत्या. हे मी तुझ्या वॉचमनकडे साडेबाराला देऊन जाते. दोन वाजता माझ्या गाडीनं आम्ही नायगावला निघतोय. मुज्तबाला सगळं खरं सांगायचंय, त्याच्या घरी बसून, मनतशाच्या देखत. मी एकटीच जाणार होते, पण आबा म्हणाले, ते येणार, मुज्तबाशी त्यांनाच बोलायचंय, बापानं बापाशी. ते मागं बसतील. पुढची सीट रिकामी आहे. दोनला दहा मिनिटं कमी असताना आलास तर तुला घेऊन जाऊ, आणि तिथं काय बोलायचं ते तू ठरव. नाही आलास तर तुझ्याबद्दलही आम्ही खरंच सांगू.

तुझीच,
अक्का